कपाटाकडे पाठ

आमच्या सेंट क्लेमंट बॉइज हायस्कूलच्या बिल्ल्यावर नांगर आहे. जहाजाचा. संत क्लेमंट हे दर्यावर्दी लोकांचे कैवारी, म्हणून. नाशिकला समुद्र नाही, आणि गोदावरीत जहाज चालेल इतकं पाणी येतं तेव्हा शाळेला सुट्टी असते. त्यामुळे पिंपळगाव, सायखेडा, देवळा इथून बोर्डिंगला येणारी शेतकऱ्यांची पोरं हा नांगर बघून जरा गोंधळतात. "सर, असा कुठं नांगर असतो का? ह्याला बैल कुठून जुंपायचे?" असं एकाने विचारलं, तेव्हा एलियास सर म्हणाले, "बैल म्हणूनच तर तुला ॲडमिशन दिली."

एलियास रावजी भालेराव हे आमचे पी.टी.चे सर. मूळ सायखेड्याचे. रुजू झाले त्या दिवशी अंगावर जो पांढरा ट्रॅकसूट होता तोच अजून आहे, असा मुलांचा दावा आहे. सर म्हणतात, "नाय, मधी एकदा बदलला होता." उंची अशी की बास्केटबॉलच्या जाळीत अडकलेला चेंडू ते टाचा न उचलता काढतात. गळ्यात शिट्टी. ती रविवारी चर्चमध्ये मिस्साला येतानाही गळ्यात असते, आणि प्रवचन लांबलं की सरांचा हात आपोआप तिच्याकडे जातो. फादरांना वेदीवरून ते दिसतं आणि ते आटोपतं घेतात. पॅरिशमधले पुष्कळ लोक सरांना दुवा देतात ते त्यासाठी.

पण सरांचं खरं कर्तृत्व म्हणजे कपाट. तळमजल्याच्या व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीशेजारी ते उभं आहे. पूर्वी त्यात प्रयोगशाळेचा सांगाडा राहायचा. सांगाड्याला काचेचं नवीन घर मिळालं आणि त्याची जुनी जागा सरांनी मागून घेतली. कपाटाला कुलूप नाही, कडीसुद्धा काढून टाकलेली. ज्याच्याकडे काही जास्तीचं असेल त्याने ते इथे आणून ठेवायचं. तोकडे झालेले बूट, स्वेटर, कंपासपेटी, रेनकोट, गाइडं, एखाद्या वेळी कोणाच्या तरी घरचं लोणचं. ज्याला हवं त्याने घेऊन जायचं. सगळा कायदा सरांनी एका दमात सांगून ठेवलेला आहे: "ठेवलं ते विसरायचं, नेलं ते वापरायचं. आणि ज्याला परवडतं त्यानं हात लावायचा नाय."

सुरुवातीला एक अडचण आली. घेणारी पोरं व्हरांडा रिकामा होईपर्यंत टाकीवर पाणी पीत उभी राहायची. व्हरांडा काही रिकामा व्हायचा नाही. तास बुडायचे आणि पोटं फुगायची. यावर उपाय म्हणून मोठी माणसं समित्या नेमतात. सर म्हणाले, "व्हरांडा रिकामा करता येत नाय, पण नजर काढून घेता येती." तेव्हापासून आमच्या शाळेत रीत पडली. कपाटापाशी कोणी उभं दिसलं की व्हरांड्यातल्या प्रत्येकाने, मग तो पाचवीतला असो की मुख्याध्यापक, पाठ करून भिंतीकडे तोंड करायचं. कपाटाचं दार मिटल्याचा आवाज आला की पुन्हा आपल्या वाटेला लागायचं.

त्या भिंतीवर शिष्यवृत्तीच्या एका फार जुन्या निकालाचा फलक आहे. तिकडे तोंड करून करून तो साऱ्या शाळेला पाठ झालाय. पहिलं नाव आल्हाद गर्गे. हे गृहस्थ आता कुठे असतात कोणाला माहीत नाही, पण एवढ्या पिढ्यांनी इतक्या आदराने ज्यांचं नाव वाचलं असे दुसरे नाशिककर नसतील. एकदा शिक्षण खात्याचे एक साहेब तपासणीला आले. व्हरांड्यातून जाताना पुढचे फादर आणि मागचे आम्ही शिक्षक एकदम भिंतीकडे वळून उभे राहिलो. साहेबांना वाटलं भिंतीवर काही बघण्यासारखं असणार, तेही वळले. निकाल वाचून झाल्यावर हळूच म्हणाले, "अभिमान असावा तर असा."

आता मूळ गोष्टीकडे येतो. गोष्ट गेल्या नोव्हेंबरातली, फीस्टच्या वेळची.

संत क्लेमंटचा सण म्हणजे आमची फीस्ट. सकाळी मिस्सा, मग मैदानावर बँड आणि मार्च-पास्ट, मग व्हरांड्यात सगळ्यांचं जेवण. पालक, माजी विद्यार्थी, शेजारच्या कॉलनीतली माणसं, कोणी चुकून आत शिरलेलं असलं तर तेसुद्धा. आणि फीस्टच्या दिवशी गेटवर परात घेऊन उभ्या असायच्या सुमनबाई, सरांच्या मिसेस. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर करंजी. ती खाल्ल्याशिवाय आत सोडायच्या नाहीत. आमचे रसायनशास्त्राचे यज्ञेश्वर शुक्ल सर रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या घराण्यातले. एकदा म्हणाले, "वहिनी, आज माझा उपास आहे." सुमनबाई म्हणाल्या, "मग दोन घ्या. एक उद्याची."

या गोष्टीच्या आदल्या वर्षी सुमनबाई घराच्या पायरीवरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. घरातल्या घरात वॉकर धरून चार पावलं टाकायच्या, त्यापुढे नाही. त्यांची ती फीस्ट हुकली. गेल्या वर्षीची फीस्ट ही सरांच्या नोकरीतली शेवटची, कारण एप्रिलात ते निवृत्त होणार होते. सुमनबाईंनी गणपतीपासूनच जाहीर केलं होतं, "ह्यांची शेवटची परेड मी बघणार. इतकी वर्षं गेटवर उभी राहून नुसता बँड ऐकला. एकदा तरी मैदानात बसून बघते, हे नक्की काय करतात ते."

सरांनी चाकाची खुर्ची घ्यायचं ठरवलं. तशी ती शालिमार चौकातल्या दुकानातून तासाभरात आली असती. पण सुमनबाईंनी अट घातली. काळी सीट नको. "काळ्या सीटवर बसलं की दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. जांभळी आणा." दुकानदार म्हणाला, इतकी वर्षं धंदा करतोय, खुर्चीला मॅचिंग मागणारी ही पहिलीच बाई. जांभळी सीट त्याने बाहेरून मागवली. ती यायला फीस्टचा आदला दिवस उजाडला.

त्या दिवशी सर मैदानावर मार्च-पास्टची शेवटची तालीम घेत होते. बँड एकीकडे चालला होता आणि आठवी ब दुसरीकडे. अशा वेळी सरांचं जगाकडे लक्ष नसतं. टेम्पोवाला कुंपणापाशी येऊन ओरडला, "सर, माल आणलाय. कुठं ठेवू?"

गेली तीस-एक वर्षं लोक सरांना हाच प्रश्न विचारत आलेत. कोणी बूट घेऊन येतं, कोणी सायकल. सरांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. तोंडातली शिट्टी काढली, म्हणाले, "कपाटापाशी ठेव," आणि शिट्टी परत तोंडात घातली.

टेम्पोवाल्याने खुर्ची कपाटापाशी ठेवली. जेवणाच्या सुट्टीत दुकानदाराचा फोन आला, खुर्ची कपाटापाशी ठेवलीय म्हणून. सर मोठ्या हौसेने आम्हा दोघा-तिघांना ती दाखवायला घेऊन गेले. तिथे खुर्ची नव्हती.

सर कपाटाकडे बघत राहिले. मग आपण काय बोललो होतो ते त्यांना आठवलं असावं, कारण ते टाकीपाशी गेले आणि पाणी प्याले.

शुक्ल सरांनी गेटवरच्या दत्तूला बोलावलं. दत्तू आमचा वॉचमन. गडी इमानी.

"दत्तू, जांभळी खुर्ची बघितलीस का?"

"बघितली ना सर. टेम्पोतनं उतरताना बघितली."

"मग कोणी नेली?"

"ते कसं सांगणार? कपाटापाशी कोणीतरी आलं, तसा मी वळलो."

"अरे, पण गेटमधूनच गेली असेल ना बाहेर?"

"हो. तेव्हा परत वळलो."

"तू वॉचमन आहेस का कोण आहेस?"

"वॉचमनच हाय सर. पण कपाटाचं सामान दिसलं की वळायचं, हे एलियास सरांनीच शिकवलं."

स्टाफरूममध्ये बैठक बसली. फादर इग्नेशियस आमचे मुख्याध्यापक. वसईचे, गोरेपान, बोलणं मऊ. ते म्हणाले, "यात काही कठीण नाही. मुलांना मैदानावर गोळा करतो आणि सांगतो की ती खुर्ची चुकून ठेवली गेली होती. ज्याने नेली त्याने आणून द्यावी. कोणी रागावणार नाही."

"नको फादर," एलियास सर म्हणाले.

"अहो, उद्या फीस्ट आहे. सुमनबाई बसणार कशावर?"

"एकदा विचारलं ना फादर, की कपाट संपलं. उद्या बूट नेताना पोरगं इचार करील, हे चुकून तर ठेवलं नसंल? परत मागत्याल का?" सरांनी शिट्टी चाचपली. मग म्हणाले, "आणि खुर्ची काय कोणी हौसेनं नेत नाय. घरी कोणीतरी बसणारं असंल."

"मग डिस्पेन्सरीतली घ्या. मी सिस्टरांना सांगतो."

"ती पेशंटची हाय. आणि मला खुर्ची परवडती. फीस्ट झाली की दुसरी मागवीन."

"फीस्ट झाल्यावर तिचं काय करायचं?" शुक्ल सर म्हणाले. शुक्ल सर रागावले की त्यांचा आवाज रामकुंडावरच्या संकल्पासारखा घुमतो. "भालेराव, तुम्ही तुमच्या नियमावर बसा. वहिनींना कशावर बसवता?"

सरांनी ट्रॅकसूटची चेन वर ओढली आणि मैदानाकडे निघाले.

संध्याकाळी एलियास सर मला म्हणाले, "चला सर, घरी चहाला." मी लगेच ओळखलं. चहा निमित्त होता, त्यांना साक्षीदार हवा होता. शाळेमागच्या क्वार्टर्समध्ये त्यांचं घर. सुमनबाई ओट्याशी स्टुलावर बसून करंज्या लाटत होत्या. परात भरत आली होती.

"आली का?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"आली," सर म्हणाले.

"मग आत का नाही आणली?"

सर माझ्याकडे बघायला लागले. मी मराठी शिकवतो. अवघड प्रसंगी कशी सुरुवात करावी यावर मी मुलांकडून निबंध लिहून घेतलेले आहेत. मला काही सुचलं नाही. शेवटी सरांनीच सांगितलं, मधलं काही न गाळता. "कपाटापाशी ठेव," हे वाक्यही गाळलं नाही.

सुमनबाईंचं लाटणं थांबलं. मला वाटलं, आता परात भिरकावली जाते. त्यांनी हातातली पारी अलगद खाली ठेवली.

"जांभळीच होती ना?" त्यांनी विचारलं.

"जांभळीच. दुकानदारानं फोटो धाडला होता."

"आणि ज्यानं नेली त्याला ब्रेक कुठं आहे ते कळलं असेल का? उतारावर सोडली तर म्हातारं माणूस गोदेत जायचं." आणि मग लाटणं बाजूला सारलं. "मी बसायची होते हो तिच्यात. एक दिवस."

सर खाली बसले. म्हणाले, "रिक्षा लावतो गेटपाशी. आतून दिसंल."

"रिक्षात बसून बघू? मी काय मीटर टाकून आलेली पाहुणी आहे?"

"मग पोरं उचलून आणतील, साध्या खुर्चीत बसवून."

"नको. चौघांनी उचलायची वेळ येईल तेव्हा येईल." त्यांनी डोळे पुसले, त्यामुळे गालाला मैदा लागला. "परत विचारायचं नाही म्हणताय, ते बरोबर आहे तुमचं. मी तेच म्हटलं असतं. पण राग आलाय तो येऊ द्या मला जरा." मग मला म्हणाल्या, "सर, ह्या करंज्या उद्या तुम्हीच वाटा गेटवर. कोणी उपासाचं सांगितलं तर ऐकू नका."

फीस्टची सकाळ. नाशिकच्या थंडीत मुलांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. मिस्सा झाली, मुलं मैदानावर रांगा धरून उभी राहायला लागली. आणि व्हरांड्यात, कपाटापाशी, चाकाच्या चार खुर्च्या ओळीने उभ्या होत्या.

कोणी कोणाला काही बोललं नव्हतं. कपाटात ठेवायचं ते गुपचूप, हे सगळ्यांच्या अंगात इतकं भिनलेलं की प्रत्येकाने आपापली खुर्ची मुकाट्याने आणून ठेवली होती आणि शेजारच्या खुर्च्या बघून प्रत्येकजण चकित झाला होता. एक डिस्पेन्सरीतली, पाठीला लूर्दच्या मातेचं स्टिकर. ती कोणाच्या सांगण्यावरून आली हे उघड होतं. दुसरी ऑफिसात क्लार्क बसतात ती गोल फिरणारी. दत्तूने आणलेली. चाकं आहेत ना, एवढाच त्याने विचार केला होता. तिसरी रामकुंडावर वृद्ध यात्रेकरूंना घाटापर्यंत नेतात ती. तिचं एक चाक करकर वाजतं आणि पाठीवर मोठ्या लाल अक्षरांत रंगवलेलं आहे: 'शुक्ल तीर्थोपाध्याय. निवास व भोजनाची उत्तम सोय.' खाली फोन नंबर. गुप्तदान करावं तर असं. चौथी जवळजवळ नवी होती. ती कोणी आणली ते विचारायचं नाही, असा नियम आहे, म्हणून मी सांगत नाही.

एलियास सर परेडकडे निघाले होते. खुर्च्या बघून थबकले.

"हे काय? दवाखाना काढला का कोणी?"

"कपाटाचं सामान आहे," फादर म्हणाले. "तुम्हाला हवं असलं तर बघा."

सर सगळं समजले. तोंड लाल झालं. "फादर, नियम हाय. ज्याला परवडतं त्यानं—"

"तुम्हाला आज परवडत नाही," शुक्ल सर म्हणाले. "पैशाचं सोडा. आज वहिनींपाशी खुर्ची नाही आणि दुकान बंद आहे. परवडत नाही ते याहून वेगळं काय असतं?"

"सगळी शाळा बघती हाय," सर हळू आवाजात म्हणाले.

आणि खरंच बघत होती. मैदानावर सगळी शाळा रांगेत, बँड तयार, पालक तंबूत, आणि सगळ्यांची तोंडं व्हरांड्याकडे. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी नजरा काढून घेणाऱ्या माणसाला स्वतःवरची एक नजरही सहन होत नव्हती. हात ट्रॅकसूटच्या खिशात घालून ते नुसते उभे होते. मला वाटलं, आता हे परेड घ्यायला निघून जाणार आणि सुमनबाई मागे घरी बँड ऐकत बसणार.

शुक्ल सर झपाझप मैदानाच्या कडेला गेले. या गृहस्थांनी आयुष्यात कधी परेड घेतलेली नाही, त्यांना स्वतःला सावधान नीट येत नाही. पण घाटावरच्या गर्दीत शेवटच्या यजमानापर्यंत पोचणारा आवाज त्यांनी लावला, आणि इतकी वर्षं ऐकून पाठ झालेली एलियास सरांचीच ऑर्डर दिली.

"परेड... पीछे मुड!"

सगळी शाळा एका पायावर वळली. बँड वळला, ढोलवाला ढोलासकट. तंबूतले माजी विद्यार्थी वळले, ते बघून त्यांच्या बायका वळल्या, सिस्टर्स वळल्या. फादर इग्नेशियस पांढऱ्या झग्यात भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मीही वळलो. समोर आल्हाद गर्गे.

मैदानावर कोणी हूं की चूं करेना. आठवी 'ब'सुद्धा सरळ उभी होती. कोणी बघत नव्हतं आणि सगळे ऐकत होते.

मग करकर असा आवाज आला.

शुक्ल सरांच्या तोंडावर हसू पसरलं. ते व्हरांड्याकडे पाठ करून उभे होते आणि मी भिंतीकडे तोंड करून, तरी माझी खात्री आहे. चार खुर्च्यांतली सगळ्यांत खटारा खुर्ची सरांनी उचलली होती. बऱ्या तीन दुसऱ्या कोणासाठी तरी ठेवल्या होत्या. ती करकर व्हरांडाभर गेली, मागच्या दाराने क्वार्टर्सकडे गेली, अंधुक झाली. ती परत येईपर्यंत परेड तशीच उभी होती, कारण 'पीछे मुड' नंतर काय म्हणायचं ते शुक्ल सरांना माहीत नव्हतं.

सुमनबाई आल्या त्या जांभळी साडी नेसून आणि मांडीवर करंज्यांची दुसरी परात घेऊन. सीट नाही तर साडी तरी. त्यांना तंबूच्या पुढच्या ओळीत बसवलं, पाठीवर 'निवास व भोजनाची उत्तम सोय' मिरवत. शुक्ल सरांना त्या दुपारी चौकशीचे दोन फोन आले.

आणि मग एलियास सरांनी शेवटची परेड घेतली. आठवी ब चुकली, नेहमीसारखी. सर तंबूसमोरून गेले तेव्हा 'दाहिने देख' ला त्यांची मान वळली. ती खरं म्हणजे पाहुण्यांकडे वळायला हवी होती. सुमनबाई मला म्हणाल्या, "इतकी वर्षं हे एवढं ऊन खातात, कशासाठी ते आत्ता कळलं. चांगले दिसतात."

परेडनंतर व्हरांड्यात पंगती बसल्या. मसालेभात, जिलबी, करंज्या. मी सुमनबाईंची खुर्ची ढकलत होतो आणि त्या प्रत्येकाच्या ताटात करंजी टाकत होत्या. एकदम त्यांचा हात थांबला.

थोड्या अंतरावर, खांबाशी, एक म्हातारे बाबा बसले होते. पांढरी टोपी, धोतर, पायांवर शाल. पिंपळगावहून कांद्याच्या टेम्पोतून घरच्यांबरोबर आले असावेत. बँडची पोरं जेवताजेवता मस्तीत ढोल बडवत होती, आणि बाबा दोन्ही हातांनी खुर्चीच्या दांड्यांवर ताल धरत होते. दांड्यांवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नव्हतं. सीट जांभळी होती.

सुमनबाईंनी क्षणभर बघितलं. मग पुटपुटल्या, "शोभतो की रंग म्हाताऱ्याला."

मग मला म्हणाल्या, "सर, खुर्ची वळवा."

"कुठे?"

"भिंतीकडं."

मी करकर करत खुर्ची भिंतीकडे वळवली. तेवढ्यात एलियास सर घाम पुसत आले. "अगं, सण सोडून भिंतीकडं तोंड करून काय बसलीस?"

"निकाल वाचतेय. तुम्हीपण वाचा."

सरांनी त्यांच्याकडे बघितलं. मागे काय आहे ते बघायला मान किंचित हलली, आणि तिथेच थांबली. मग ते सुमनबाईंच्या शेजारी येऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"पहिला कोण आला होता?" सुमनबाईंनी विचारलं.

"आल्हाद गर्गे," सर म्हणाले.

"हुशार असेल," त्या म्हणाल्या आणि आम्हा दोघांच्या हातावर एकेक करंजी ठेवली. पाठीमागे ढोल आणि त्यावर म्हाताऱ्याचा ताल चालला होता. आम्ही भिंतीकडे बघत करंज्या खाल्ल्या.